दाढीवाल्याची भाषा

दवाखान्याच्या बाकावर बसले होते. समोर उभ्या एका मुलीची तिच्या मित्राशी जुंपली. डोळे मिटता येतात, कान कुठे मिटता येतात?

“सरकारने बंद केलेल्या बातम्या नि निरोप लोकांना उघडता याव्यात म्हणून आपण तिघांनी तीन ॲप केली. दोन आधीच अडवली, तिसरं काल बंद पडलं!”

“हळू बोल. आपला दाढीवाला शुद्धीवर आला की दुरुस्त करील.”

“आत्ता ऑपरेशन झालंय त्याचं! माझी बहीण त्या बंदीच्या भागात अडकलीय, तिचा निरोप त्याच ॲपवरून यायचा. मीच दुरुस्त केलं असतं, पण मेल्याने लिहिलंय अशा कॉम्प्युटर-भाषेत, जी त्याच्याशिवाय कुणाला येत नाही.”

“ज्याची त्याची आवड असते.”

“आवड? घराला आग लागल्यावर आवडीची बादली शोधतोस? शंभरदा सांगितलं, तिन्ही एकाच भाषेत लिहू.”

“त्या भाषेत खोट निघाली तर तिन्ही एकदम बुडतील.”

“आत्ता काय तरंगतायत?”

“मग शीक की त्याची भाषा.”

“शिकेन! तुझं ॲप बिघडलं तेव्हा तुझी शिकले. तुम्ही दोघं माझी कधी शिकलात?”

तो मोबाइलात बघत राहिला.

मी पिशवी मांडीवर घेतली. “ये गं, बस माझ्याजवळ. त्याला राहू दे उभा.”