दुसरी ट्यूब

नाही हो ताई, बसणार नाही म्हणजे नाही— आणि तुम्ही मराठीत विचारलंत म्हणून गोडीत सांगतोय. मघाशी काच खाली करून फोनवर ‘पोळ्या डब्यात आहेत, मायक्रोवेव्ह करून घे’ म्हणालात ना, तेव्हाच म्हटलं, आपल्यातल्या दिसतायत. मी परीक्षित केळशीकर. मूळ पुण्याचा, आता अठरा वर्षं इथे कॅनडात, ग्वेल्फला. तुमची ही शेवटची गाडी, दमलेल्यांना उचलायची, ते ठाऊक आहे मला— नियमपुस्तिका, पान नऊ. चौदा पानं आहेत, मी दोनदा वाचली. आमच्या गटातल्या बाकीच्या तीस जणांनी उघडलीसुद्धा नसेल. आणि ते तीस जण आहेत कुठे? पुढे. तासाभरापूर्वीच गेले. पण माझी त्यांच्याशी शर्यत नाहीच मुळी.

माझी शर्यत अरविंदशी आहे. अरविंद बोंडे, आमच्या मंडळातला— गणपतीत साउंड सिस्टिम बघतो तो. आता तुम्ही म्हणाल, मित्राशी कसली शर्यत? मित्रच आहे. पण मंडळाच्या अंकात यंदा या वीकेंडच्या सायकल शर्यतीवर लेख यायचाय, आणि प्रमिलाताईंनी— त्या संपादक— त्यांनी सांगितलं, तुमच्या दोघांत जो पुढे येईल त्याने लिहायचा. झालं. अरविंदला लेखाचं काही नाही हो, तो चार ओळी फोनवर बोलून मोकळा होईल. मी दोन हजार अकरापासून रोजची राइड वहीत लिहितोय. वारा कुठला, नाडी किती, नाश्ता काय. पोहे खाल्ले त्या दिवशी सरासरी ताशी एक किलोमीटरने जास्त येते— हे कुठल्या कोचला माहीत आहे? आमची ऊर्मी म्हणते, “बाबा, इट्स जस्ट अ हॉबी.” तिच्या आईने, उल्काने, तर काल विचारलं, शेवटून दुसरा येण्यासाठी एवढं सामान लागतं का? लागतं. काय सांगायचं यांना.

जरा हळू घ्या गाडी, म्हणजे बोलता येईल. हा समोरचा वारा बघताय ना? आणि दोन्हीकडे ताजं शेणखत. मघाशी घोडागाडी गेली बघा पुढे, मेनोनाइट कुटुंब, मोटार न वापरणारे ते जुन्या वळणाचे लोक— मागे बसलेल्या आजीबाईंनी मला हातसुद्धा केला. मीही केला. तेवढं सौजन्य पाहिजे.

तर हिशोब असा. तीन स्टेज. काल सकाळी टाइम ट्रायल, एकेकट्याने. काल संध्याकाळी गावातल्या रस्त्यांवर गोल गोल. आज ही लांबची, पंच्याऐंशी किलोमीटर. तिन्हींचा वेळ मिळवायचा, आणि एक जरी स्टेज अर्धवट सोडली तरी यादीतून नाव गेलं. कालपर्यंत अरविंद माझ्या बहात्तर सेकंद पुढे होता. कसा, ते विचारू नका— तयारी शून्य! सायकल लग्नात उसनी आणल्यासारखी, जवळ पंप नाही, एक स्पेअर ट्यूब नाही. मी किती वेळा सांगितलं, अरविंद, ट्यूब ठेव. तर हसतो. म्हणतो, “तू आहेस ना!” आता ही काय पद्धत झाली? मी दोन ठेवतो. कायम दोन. वहीत यादीच आहे— ट्यूब दोन, टायर काढायचे लिव्हर दोन, चिक्की तीन.

आज कुठे? आहेत की. या मागच्या खिशात. दोन्ही.

म्हणजे— नाही, ते जरा वेगळं आहे. तुम्ही वाटेत बघितला असेल तो, नारंगी जर्सी, अंडी विकायला ठेवलीयत त्या लाल कोठाराशी. आम्ही दोघंच मागे राहिलो होतो, अठ्ठेचाळिसाव्या किलोमीटरला त्याचा टायर बसला. फुस्स. आवाज आला मला. थांबलो मी, थांबलो नाही असं नाही. तो म्हणाला, “परीक्षित, ट्यूब दे रे.” आणि मी म्हटलं— बघा, पल्स एकशे एकाहत्तर होती, त्या अवस्थेत माणूस काय बोलतो ते त्याचं त्यालाही— मी म्हटलं, “आज नाही आणली रे.” तो म्हणाला, “असू दे, तू हो पुढे, तुझा लेख आहे.” असं म्हणाला! हसून! आता असं म्हटल्यावर माणूस परत खिशात हात कसा घालणार? तुम्हीच सांगा.

दिसला का मग तो? तुम्ही आपल्या आरशात बघताय. बरोबर आहे, व्हॉलंटियरने तटस्थच राहायचं. पान अकरा.

कोण खोकलं? मागे आहे का कोणी? रेडिओ असेल. तुमच्या या मिनीव्हॅनच्या काचा किती काळ्या, उन्हाला बऱ्या.

खरी अडचण ट्यूबची नाहीच, ताई. लेखाची आहे. लेख मी गुरुवारीच पाठवला. अहो, अंक सोमवारी छापायला जातोय, रविवारी रात्री थकलेल्या हाताने काय लिहिणार? फक्त शेवटचा क्रमांक तेवढा मोकळा सोडला. वातावरणनिर्मिती वगैरे आधी करून ठेवली. आणि त्यात एक परिच्छेद आहे, खिलाडूवृत्तीवर— वाटेत एका प्रतिस्पर्ध्याची सायकल पंक्चर होते, आणि लेखक, म्हणजे मी, क्षणाचाही विचार न करता आपली ट्यूब काढून देतो. प्रमिलाताईंचा फोन आला त्याच रात्री. म्हणाल्या, “परीक्षित, रडले मी.” मी पुढे आलो तर चौकटीत टाकणार आहेत. मला काय माहीत खरंच कोणाचं पंक्चर होईल! सुचलं ते लिहिलं. आणि सगळंच काही खोटं नाही त्यात. लेखकाजवळ दोन ट्यूब आहेत, हे अक्षरशः खरं आहे.

म्हणून संपवायचीच आहे मला ही. अकरा किलोमीटर. मी पोचलो की लेख माझा, नाही पोचलो तर— आई गं, हा चढ. हा चढ नकाशात एवढा नव्हता. पायात गोळे आलेत, ताई. डावा. आता उजवापण.

एक विचारू? तुमच्या शेजारच्या सीटवर पाण्याचे खोके आहेत, तिथली काच पूर्ण खाली कराल? नुसती कड धरतो. चढापुरती. पान सहावर मनाई आहे, हो, गाडीला हात लावला की बाद. पण ते नियम पहिल्या दहांसाठी असतात. इथे बघतंय कोण? तुम्ही आणि त्या गायी. आणि तुम्ही तर आपल्याच. हां... अस्सं. वा. काय सुख आहे हो. थोडं वाढवा. अजून थोडं. हे नाही लिहिणार मी वहीत. अरविंद असता ना आत्ता, तर—

ही मागची काच कोण खाली करतंय?

...

कधीपासून बसलायस?

लाल कोठारापासून. हो, तेच. म्हणजे सगळं— हो.

हसू नको ना रे. शिव्या दे हवं तर. अरविंद, असा हात नको पुढे करू, मी कड सोडलीय, पडेन. काय? जागा आहे? आहे, दिसतेय मला. तुझ्या शेजारीच आहे. चिक्की खा तू, ही घे. ट्यूब... आता कशाला तुला ट्यूब. बरं, घे. दोन्ही घे.

नाही ताई, नाही बसत. मघाशी बसलो असतो कदाचित. आता अकरा काय, चाळीस असले तरी मारतो. तुम्ही मागे राहा, बरंच मागे— आणि ती काच आधी वर करा.