टेबलावरचं पत्र

(मॅसॅच्युसेट्समधलं खेडं, इंग्रज राजाच्या अमदानीतला हिवाळी रविवार. दोन प्रवचनांच्या मधली सुटी. चर्चमध्ये शेकोटी नाही, म्हणून सगळे समोरच्या सराईत.)

जोथम : हे काय चाललंय, हेप्झिबाबाई? वीस वर्षं तुमच्या सराईत मी दाराशी, वाऱ्यात बसतो. आज एकदम विस्तवापुढं?

हेप्झिबा : बसा हो मुकाट्यानं. पिंपं ठोकून ठोकून पाठ धरली असेल.

जोथम : आणि हे पुडिंग? मी मागितलं नव्हतं.

हेप्झिबा : उरलंय.

जोथम : तुमच्याकडं उरतं? रस्सा तर तिसऱ्यांदा पाणी पितोय!

डीकन : खा रे. प्रभूची कृपा समज.

जोथम : डीकन एलनेथन, चर्चचे कारभारी तुम्ही, आणि चक्क स्वतःची तंबाखू पुढं केलीत. मी मरायला टेकलोय का?

हेप्झिबा : इश्श, काहीतरीच!

जोथम : मग त्या टेबलाकडं बघून सगळे माना का फिरवतायत? टोपाखाली काय दडवलंय?

हेप्झिबा : काय असणार? टपालस्वारानं टाकलेली पत्रं. ज्याची त्यानं न्यावीत.

जोथम : आणि बाकीच्यांनी वाचावीत.

डीकन : मी नाही हं वाचलं! नुसतं अक्षर बघितलं.

हेप्झिबा : चष्मा लावून. दोनदा.

डीकन : पत्रावरची लाखेची मोहर तर तू फोडलीस, बाई!

हेप्झिबा : मी? रविवारी शपथ घ्यायला लावू नका. माझ्या हातात आलं तेव्हाच फुटलेली होती. मला वाटलं, तुम्हीच.

डीकन : मी कसा? मी तर तुझ्यानंतर...

जोथम : मी फोडली.

हेप्झिबा : काय?

जोथम : मंगळवारी. तुम्ही गाय पिळायला गेला होतात. माझंच तर नाव होतं वर.

डीकन : मग परत का ठेवलंस, वेड्या? पाच दिवस अख्ख्या गावाला घास गोड लागला नाही!

जोथम : घरी नेऊन काय करू? तिथं मी, आणि ती नवी बांधलेली खोली. खिडकीसुद्धा बसवून झालीय. लेकीला दक्षिणेचं ऊन आवडतं म्हणून. म्हटलं, इथंच असू दे. सगळे वाचतील, कुणीतरी तोंडानं बोलेल. तर हे लेकाचे पुडिंग चारतायत!

डीकन : अरे, बोस्टन काही लांब नाही. टॅबिथानं लिहिलंय ना, तिथंच लग्न केलंय; जावई जहाजांची शिडं शिवतो म्हणे, धंदा चांगलाय. बर्फ वितळलं, की कदाचित...

हेप्झिबा : डीकन, प्रवचनाला अजून वेळ आहे. जोथम, इकडं बघा. टॅबिथा आता परत येणार नाही.