सिंथेसायझरला नारळ

तुम्हाला खोटं वाटेल, पण गंगापूर रोडवर सिंथेसायझरचे, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या वाद्याचे, भाग हातानं बनवायला शिकवतात. मीही नाव घातलं. म्हटलं, आयुष्यभर स्पीकर विकले, आवाज तयार कसा होतो ते तरी बघू.

वर्गात माझ्या शेजारी जोशीकाकू. दोन दिवस सोल्डरिंग करून त्यांचं सर्किट तयार झालं. म्हणाल्या, "घरी हे हसतात हो मला. आज आवाज काढूनच दाखवते."

त्या बटण दाबणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा! नवं यंत्र नारळाशिवाय सुरू करतात का?" पिशवीतला नारळ काढून टेबलाच्या कडेवर आपटला, तर सगळं पाणी काकूंच्या सर्किटवर!

शिकवणारे सर ओरडले, "काका, मेलं ते!"

काकूंचे डोळे भरले, तरी त्यांनी बटण दाबलंच. आणि आतून म्हशीनं शंख फुंकावा तसा आवाज निघाला. सर फडकं घेऊन धावले, तशा काकू कडाडल्या, "खबरदार पुसलंत तर! मला अस्साच पाहिजे!"

मग काय, सगळा वर्ग आपापली सर्किटं घेऊन माझ्यापुढे तीर्थाला उभा. रांगेच्या शेवटी स्वतः सर. म्हणाले, "काका, दोनच थेंब हं. माझं महागाचं आहे."