बर्फीनं गिळलेली किल्ली

कुत्रं पाळा म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार! आमची बर्फी चार महिन्यांची आहे. मोजे खाते, रिमोट खाते, तिच्यासाठी आणलेलं महागडं खाणं तेवढं खात नाही. परवा तिनं माझ्यादेखत कपाटाची किल्ली गिळली.

आमचे हे म्हणाले, "अगं, कपाटात माझा सूट आहे! संध्याकाळी साहेबांच्या मुलीचं लग्न आहे." बर्फीची केवढी ती काळजी!

मी नोएडातल्या आमच्या कुत्र्याच्या डॉक्टरांना फोन लावला. घाबरले की माझ्या हिंदीत मराठी घुसते. "डॉक्टर साब, बर्फी किल्ली निगल गई!"

"तो क्या हुआ मैडम? कुत्ते खा ही लेते हैं. नहलाकर पाउडर लगा दीजिए."

डॉक्टरच ते! मी अंघोळ घातली, पावडर लावली. बर्फी घमघमली, कपाट बंदच.

दिल्लीतच वाढलेली आमची लेक हसत सुटली. "आई, इकडे किल्ली म्हणजे ते कुत्र्याच्या अंगावरचं... टिक!"

"गोचीड?"

"हां, तेच. चाबी बोल ना!"

मग धावत दवाखाना गाठला. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "घबराइए मत, कल तक अपने आप निकल आएगी."

ह्यांनी काकुळतीला येऊन विचारलं, "और मेरा सूट?"