मिनूच्या ताटातली बोय

हसायचं तर हसा, पण परवापर्यंत आमच्या पाच वर्षांच्या मिनूच्या माशातले काटे मीच काढत होते. बी.ए.पर्यंत शिकले, पण ही एक भीती काही गेली नाही. सासूबाई सारख्या म्हणायच्या, "अगं, वसईची पोर ती! जूनमध्ये शाळेत जाईल, तेव्हा डब्यापाशी तू बसणार आहेस का?"

शेवटी परवा अर्नाळ्याच्या कोळणीकडून बोय घेतली आणि मन घट्ट करून अख्खी तुकडी मिनूच्या ताटात वाढली.

मिनू शांतपणे बोटांनी चाचपून एकेक काटा ताटाच्या कडेला मांडत होती. माझं मात्र चालूच. "हळू! तो बघ, तिथे आहे. नीट चाव. जेवताना बोलू नकोस!" नजर तिच्या ताटात, हात माझ्या ताटात, आणि काटा गेला माझ्याच घशात.

डोळ्यांना पाणी आलं. सासूबाई उठायच्या आत मिनूने कोरड्या भाताचा गोळा माझ्या तोंडात कोंबला. "चावायचा नाही, गिळायचा!"

काटा गेला. मी तिला जवळ घेणार, तर तिने माझं ताट स्वतःकडे ओढलं.

"आई, तुला येईपर्यंत तुझे काटे मी काढत जाईन."