बारा व्होल्टचा ठोका

(उंद्री. योगिनीचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. इंद्रभानच्या भाजीच्या पिकपचं बॉनेट उघडं आहे, मागं बेस स्पीकरचा मोठा डबा.)

योगिनी : काका, ही केबल तुमी विहिरीवरून काढून आणली ना?

इंद्रभान : मोठ्यानं बोल, पोरी. अन् तोंड इकडे करून.

योगिनी : केबल! विहिरीवरची हाये का?

इंद्रभान : हाव! अस्सल तांबं हाये. पाच हॉर्सची मोटर चाले याच्यावर. मंग या बेसच्या डब्याले काय होते?

योगिनी : नाही चालत.

इंद्रभान : काऊन नाही चालत? तथी चारशे चाळीस व्होल्ट होते, इथं बाराच. बाराले तं सुतळीबी चालली पाह्यजे.

योगिनी : इथंच सारे शेतकरी फसतात. मले सांगा, उंच टाकीतलं पाणी अन् जमिनीवरच्या टाकीतलं पाणी. तेवढंच पाणी तेवढ्याच टायमात न्यायचं हाये. जाड पाइप कोणाले लागन?

इंद्रभान : जमिनीवरच्या टाकीले. जोर नसते ना त्याले.

योगिनी : मंग! व्होल्ट म्हणजे जोर. बाराले जोर कमी, म्हणून तेवढ्याच कामाले करंट लय लागते. हे वायर उदबत्तीवानी धुपन. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत अंगठ्याएवढं जाड वायर टाका लागन.

इंद्रभान : असं पाण्याचं सांग ना मंग. कवाचं व्होल्ट-व्होल्ट लावलं.

प्रतीक्षा : काही सांगू नका त्यांना, ताई. आणि काही बसवूही नका!

योगिनी : ही कोण?

इंद्रभान : माही पोरगी, प्रतीक्षा. हिचंच लगन हाये या रविवारी. बुलडाण्याले शिकली, म्हणून अशी पुस्तकावानी बोलते.

प्रतीक्षा : बाबा, विषय बदलू नका. वरात जळगाव जामोदहून येणार आहे. सासरे मास्तर आहेत. त्यांनी हात जोडून सांगितलं, डीजे नको, साधं लग्न करू. तुम्हीच मान डोलावली. आणि आता नवरीचा बापच हा राक्षसासारखा डबा घेऊन उभा!

इंद्रभान : काय म्हणते थे?

योगिनी : डीजे नको म्हणते!

इंद्रभान : मले कुठं डीजे करायचा हाये?

प्रतीक्षा : मग हा कशाला? गवारीच्या शेंगांना गाणी ऐकवायला?

योगिनी : खरं सांगू का काका, मीबी हेच विचारणार होती. तुमी छोटे स्पीकर एकबी आणले नाही. नुसता बेसचा डबा. अशी सिस्टीम कोणी बसवत नाही. गाण्यातला एक शब्द समजणार नाही.

इंद्रभान : शब्द मले तसेबी समजत नाहीत.

प्रतीक्षा : बाबा...

इंद्रभान : ऐक आता. गावातल्या शेखरची डीजेची वरात आपल्या वावराजवळून गेली ना, तवा मी भेंडी तोडून राह्यलो होतो. कानाची मशीन घरी. आवाज काहीच नाही. पण ठोका आला. पायातून वर, छातीत. अन् माहे हात कॅरेटवर वाजाले लागले. बरोबर वाजत होते, पोरी. तालात.

योगिनी : तुमी वाजवता?

प्रतीक्षा : ढोलकी. वाजवायचे. उंद्रीतली एकही हळद बाबांच्या ढोलकीशिवाय झाली नाही.

इंद्रभान : झाली ना. चांगुणाच्या पोरीची. मशीनमधी सारा गलका एकच होते. बाया गात राह्यल्या अन् माहा ठेका त्याइच्या पुढं पळून गेला. लोक हासले. मंग वामनरावनं हळूच माह्या मांडीवरची ढोलकी उचलून घेतली. माणूस चांगला हाये तो. त्यालेच जास्त वाईट वाटलं.

प्रतीक्षा : पण माझ्या हळदीला वाजवा, असं वामनकाकांना तुम्हीच सांगून आलात.

इंद्रभान : सांगतलं. तोंडानं सांगतलं. गावातल्या साऱ्या पोरीइच्या हळदीत म्या वाजवली. माह्या पोरीच्या हळदीत मी पाव्हण्यावानी खुर्चीत बसू अन् दुसऱ्याचे हात पाहू? मले नाही जमत ते. मले लय जिवावर आलं.

प्रतीक्षा : मला का नाही सांगितलं?

इंद्रभान : तू साधं लगन, साधं लगन करत होती. म्हटलं, आपला डबा आपण गुपचूप बसवू.

योगिनी : एवढा डबा, अन् गुपचूप! बरं, ते राहू द्या. गाडी कुठं उभी करणार?

इंद्रभान : मांडवाले लावून. मागचं फाळकं उघडतो अन् ढोलकी घेऊन डब्यावर बसतो. ठोका अंगात आला का हात बरोबर चालतीन.

योगिनी : अन् माइक?

इंद्रभान : गाणाऱ्या बायाइपुढं.

योगिनी : उपयोग नाही. बायाइच्या बारीक आवाजानं डबा नुसता घूं करन. ठोका कुठून येईन? गाताना तथी दणका देणारं काही असते का?

प्रतीक्षा : मुसळ.

योगिनी : काय?

प्रतीक्षा : मुसळ! बायका उखळात हळद कुटतात ना. आई मुसळ धरते आणि गाणं त्याच्याच मागं चालतं. मुसळ थांबलं की गाणं थांबतं.

योगिनी : मंग झालं काम! उखळापाशी माइक ठेवू.

इंद्रभान : काय ठरलं? मलेबी सांगा.

प्रतीक्षा : आईचं मुसळ तुमच्या डब्यात सोडायचं ठरलं!

इंद्रभान : तुह्या आईचं मुसळ तं लगन झालं तवापासून माह्या डोक्यात वाजून राह्यलं.

प्रतीक्षा : घरी गेल्यावर सांगते हं तिला. पण ताई, जळगावपर्यंत ऐकू नाही ना जाणार?

योगिनी : नाही वं. काका डब्यावरच बसणार. जरासा आवाज सोडला तरी पुरते. पण इंजिन बंद ठेवा लागन.

इंद्रभान : हाव, नाही तं सारा धूर उखळात.

योगिनी : म्हणून मागं दुसरी बॅटरी देते. अर्थिंग इथं, चेसीवर, रंग खरडून.

इंद्रभान : रंग नको खरडू! दिवाळीलेच दिला.

योगिनी : रंगावर अर्थिंग धरत नाही, काका. रुपयाएवढंच खरडते. अन् बॅटरीच्या बाजूलेच फ्यूज राहीन. आता माह्याकडं पाहून ऐका. फ्यूज उडला तं त्याच्यात तार गुंडाळायची नाही.

इंद्रभान : वावरातल्या डीपीवर तं आम्ही...

योगिनी : डीपीवर गुंडाळता, म्हणूनच सांगून राह्यली! इथं गुंडाळली तं वायर पेटन, अन् त्याच्यासंग मांडव.

इंद्रभान : नाही गुंडाळत. पोरीची आण.

प्रतीक्षा : माझी आण कशाला? त्या तारेची घ्या.

योगिनी : जा आता दोघं, चहा पिऊन या. तवरोक मी वायर टाकते.

इंद्रभान : तुलेबी आणतो. साखर जास्त?

योगिनी : आणा जास्तच.

प्रतीक्षा : (चहा घेऊन परत येत) हा घ्या चहा, ताई. उशीर झाला. बाबांनी हॉटेलातल्या सगळ्यांना टाकीचं पाणी समजावून सांगितलं.

योगिनी : सांगू द्या. निदान चार फ्यूज तरी वाचतीन. चला काका, बसा डब्यावर. तोंड तिकडं. पोरीचे हात पाहायचे नाहीत.

इंद्रभान : मशीनबी काढतो. हे घे, सांभाळ. आता माह्यासाठी सारं गाव झोपलं.

योगिनी : प्रतीक्षा, हा लाकडी ठोकणा घे. माइक त्या टायरपाशी हाये. आईवानी हळद कूट.

प्रतीक्षा : टायरवर?

योगिनी : टायरवरच. कर सुरू.

प्रतीक्षा : काही होत नाहीये, ताई. ते नुसतेच बसलेत.

योगिनी : थांबू नको. कूट तू.

प्रतीक्षा : बोटं हलली!

योगिनी : कॅरेट ओढलं पाहा मांडीवर. आता हळू कर. अजून हळू... तेबी हळू झाले! आता जलदी. घे!

प्रतीक्षा : आले... बरोबर आले, ताई! हा हळदीचाच ठेका आहे. मधली ती उडी फक्त बाबाच घेतात. वामनकाकांना कधी जमली नाही.

योगिनी : अवं, तू हसून राह्यली का रडून?

इंद्रभान : आं! थांबा. ठोका चुकला.

प्रतीक्षा : मी चुकली, बाबा. डोळे पुसाले गेली अन् हात चुकला.

योगिनी : त्याइले ऐकू नाही येत. मशीन माह्याजवळ हाये.

इंद्रभान : समजलं मले. कूट तू. मी हाये मागं.