केरबा शिंप्याच्या पंधराशे फेऱ्या

बसा मंडळी, जरा सरकून बसा. पोरांनो, तुम्ही पुढे या — हां, अगदी पेटीला टेकून बसलात तरी चालेल, फक्त मधेच पट्ट्या दाबायच्या नाहीत! देवाचं नाव एकदा मोठ्यानं घ्या. घेतलं? छान. आता प्रश्न ऐका.

एका माणसानं महादेवाच्या देवळाला पंधराशे फेऱ्या घातल्या. पंधराशे! मोजून! तर सांगा — त्याला पुण्य किती लागलं?

"लई!" म्हणतोय हा टोपीवाला. बाळा, उत्तर खिशात ठेव. गोष्ट संपली की काढू.

तर मंडळी, पिंपळसोंड नावाचं गाव. गावात केरबा शिंपी. माणूस लोण्याहून मऊ! 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर कधी जन्मलाच नव्हता. कुणी म्हणालं, "केरबा, उद्या सकाळी ब्लाऊज पाहिजे," की केरबा म्हणायचा, "या की!" सकाळी जावं, तर कापड अजून घडीत! आहेत ना असे शिंपी तुमच्या गावात? बायका बघा कशा हसतायत. लागलं कुठंतरी!

केरबाची बायको हौसाबाई. तिचं माहेर घाटावर, मोरखिंडीला. बावीस वर्षं ती भाऊबीजेला एसटीनं जायची. दोनदा गाडी बदलायची, धक्के खायचे, करंज्यांचा डबा मांडीवर घट्ट धरायचा, आणि माहेरी पोचेपर्यंत करंज्यांचा चुरा! भाऊ बिचारा दरसाल चमच्यानं करंज्या खायचा.

यंदा केरबानं शब्द दिला. "हौसा, ह्या भाऊबीजेला आपल्या गाडीवरून नेतो तुला. घाट चढून, थेट दारात!"

हौसाबाई म्हणाली, "अहो, हा ब्लाऊजसारखा शब्द नव्हं ना?"

नव्हता! दसऱ्याला मोटारसायकल आली. लाल, नवीकोरी. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. गाडी नीट तपासून द्यायला तालुक्याहून यासीन मिस्त्री आले होते. पांढरी दाढी, आयुष्य गाड्या खोलण्यात गेलेलं. ते म्हणाले, "केरबाशेठ, गाडी नवी आहे म्हणजे कष्टाला तयार आहे, असं समजू नका. पहिले साडेसातशे किलोमीटर हिला हळूहळू शिकवायचं. पळवायची नाही. तासभर एकाच वेगात ठेवायची नाही. माणूस मागं बसवून घाट चढायचा तर नाव काढू नका! साडेसातशे झाले की तेल काढून टाकू, नवीन घालू. मग वहिनींना घेऊन खुशाल जा."

केरबा दचकला. "तेल काढायचं? मिस्त्री, तीस वर्षं शिलाई मशीनला तेल घालतोय मी. तेल घालतात हो! काढतं कोण?"

पोरांनो, तुम्हाला तरी कळलं का, तेल का काढायचं? सांगतो. नवी चप्पल पहिल्या आठवड्यात चावते की नाही? ती पायाला ओळखत नसते! इंजिनात तसंच. लोखंडाचे भाग नवेनवे एकमेकांना घासतात, एकमेकांत बसायला शिकतात. आणि घासलं की काय पडतं? तुम्ही वहीत चूक केली, खोडरबर घासलं — काय पडतं? कीस! शाबास! तसाच लोखंडाचा बारीक कीस पडतो आणि तेलात उतरतो. वहीतला कीस तुम्ही फुंकून टाकता. इंजिनाला फुंकता येत नाही. म्हणून ते पहिलं तेल लवकर काढायचं. नाहीतर तोच कीस आत फिरत राहतो, फिरत राहतो, आणि नव्या इंजिनाला ओरखडतो. समजलं?

तुम्हाला समजलं. केरबाला नाही! पण सवयीनं तो म्हणाला, "बरं."

आता साडेसातशे किलोमीटर चालवायची कुठं? तालुक्याचा रस्ता पाण्याच्या पाइपासाठी खणून ठेवलेला. गावात गुळगुळीत जागा एकच — महादेवाच्या देवळाभोवतीचा नवा सिमेंटचा रस्ता. एक फेरी म्हणजे बरोबर अर्धा किलोमीटर. केरबानं खडूनं कापडावर आकडा मांडला. साडेसातशे किलोमीटर म्हणजे पंधराशे फेऱ्या! रोज सकाळी पाऊणशे फेऱ्या मारल्या की पाडव्याला पुऱ्या. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. जमलं!

पहाटे गाडी निघाली. फट् फट् फट् फट्... एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या. सहाव्या फेरीला देवळातून सरूआत्या बाहेर आल्या. वय सत्तर, नजर अधू, भक्ती जबर! त्यांनी हात जोडले. "केरबा, बाबा, नवस बोललास व्हय रं? गाडीवरून प्रदक्षिणा!" आणि त्यांनी त्याच्या हातात नारळ ठेवला.

आता इथं केरबानं काय म्हणायचं होतं? "नाही आत्या, नवस नाही, गाडी शिकवतोय." सहा शब्द! पण पहिलाच शब्द 'नाही'! तिथंच गाडी अडली. केरबा म्हणाला, "हं."

झालं! एका 'हं'चं गावभर पीक आलं! दुसऱ्या दिवशी हेडलाइटवर बेलाची पानं. तिसऱ्या दिवशी पेढे. चौथ्या दिवशी चार पोरं सायकली घेऊन मागे! आणि पाचव्या दिवशी देवळातले शंभू गुरव हात पसरून वाटेत उभे.

"ए केरबा! थांब! महादेवाला पुरी गोल फेरी घालतोस? अभिषेकाचं पाणी गोमुखातून बाहेर जातं, ती वाट ओलांडायची नसते, एवढं ठाऊक नाही? गोमुखापाशी थांबायचं, वळायचं, आल्या वाटेनं उलटं जायचं!"

केरबा म्हणाला, "बरं." तेव्हापासून प्रत्येक फेरीला गोमुख आलं की ब्रेक, गियर खाली, गाडी वळव, गियर वर, पुन्हा उलटा. घामाघूम! नवसातून सुटका नाही आणि नवस तर बोललेलाच नाही! असं संकट कुणावर आलंय का कधी?

मग तरुण मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव पुढे सरसावले. लाऊडस्पीकर लागला! "भाविकहो, आपले केरबाकाका यांची आठशे बारावी प्रदक्षिणा सुरू आहे! आठशे तेराव्या प्रदक्षिणेसाठी गोमुखाकडे लक्ष द्या!" आणि सर्जेरावांनी परस्पर जाहीर केलं — "एकूण प्रदक्षिणा एकवीसशे एक! सांगता त्रिपुरी पौर्णिमेला! शाल, श्रीफळ, जेवण! तोवर गाडी देवळाभोवतीच फिरेल, गावाबाहेर जाणार नाही!"

पौर्णिमेला! आणि भाऊबीज? ती तर तेरा दिवस आधी!

हौसाबाईनं घरी विचारलं, "अहो, मग माझं माहेर?"

केरबा म्हणाला, "बघू की."

मंडळी, 'बघू की' हे नाहीचंच धाकटं भावंड असतं. हौसाबाई ओळखून होती. करंज्या मात्र केल्या.

आला पाडवा. मीटरवर सातशे पन्नास! यासीन मिस्त्री शब्दाला जागून स्वतः आले. हत्यारांची पिशवी, तेलाचा डबा आणि एक जुनं घमेलं घेऊन वडाखाली बसले. "केरबाशेठ, साडेसातशे झाले! आणा गाडी."

केरबा फिरता फिरता ओरडला, "मिस्त्री, संकल्प चालू आहे! पौर्णिमेला बघू!"

"अहो, इंजिनाला पौर्णिमा कळत नाही!"

पण केरबा पुढे गेला. हार गळ्यात, पेढा गालात. आणि खरं सांगू? आता त्याला गोडीही लागली होती. तीस वर्षं लोक त्याला 'ब्लाऊज कधी?' विचारत होते. आता पाया पडत होते! कुणाला नको वाटेल?

गोमुख आलं. ब्रेक दाबला. बघतो तर समोर हौसाबाई! नऊवारी नेसून, हातात निरांजनाचं ताट घेऊन.

"उतरा. पाडवा हाय. घरी सापडत न्हाई, म्हणून इथं ओवाळते."

उतरला. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. सगळं गाव बघतंय. केरबानं ओवाळणी टाकायला खिशात हात घातला.

"थांबा. ओवाळणी मी सांगते. खरं बोला. देवापाशी काय बोलला होता?"

केरबाचा हात खिशातच राहिला. इकडं शाल, श्रीफळ, पाया पडणारं गाव. तिकडं बायकोचं रिकामं ताट.

हौसाबाई हळूच म्हणाली, "गिरणीच्या दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावली की पहिला डबा आपला लावू देता का तुम्ही? म्हणता, 'पीठ कचकचतंय, पहिलं पीठ काढून टाकू दे.' मग हे कचकचणारं पोटात किती दिवस दळायचं?"

तीस वर्षांत पहिल्यांदा केरबाच्या तोंडून तो शब्द फुटला. "नाही! नवस नाही बोललो मी! काहीच नाही बोललो! हिला माहेरी न्यायची होती म्हणून गाडी शिकवत होतो!"

लाऊडस्पीकरची खरखरसुद्धा थांबली.

सरूआत्या म्हणाल्या, "आणि माझा नारळ?"

"चटणी केली, आत्या."

गुरवांनी कपाळाला हात लावला. "अरे, निदान फेरी घालताना देवाकडं बघत तरी होतास का?"

"न्हाई वो... मीटरकडं."

आधी एक पोरगी फिसकन हसली. मग सरूआत्या हसल्या. मग सगळं देऊळ! फक्त सर्जेराव रडकुंडीला आलेले. "पत्रिका छापल्यात! एकवीसशे एक लिहिलंय!"

हौसाबाई म्हणाली, "मग सहाशे एकच राहिल्यात की! तुम्ही घाला. पायी!"

(आणि घातल्या हं त्यांनी! पौर्णिमेला सर्जेराव निम्मे झाले होते!)

इकडं मिस्त्रींनी गाडी ओढली. "बरं झालं, इंजिन गरम आहे. गरम असताना तेल सगळं उतरतं. गार झालं की गाळ आतच बसून राहतो." खालचं बूच फिरवलं. धार लागली घमेल्यात — काळपट! मिस्त्रींनी बोट बुडवून उन्हात धरलं. बोटावर काय? चमचम! बारीक बारीक!

पोरं ओरडली, "चांदी! चांदी!"

"चांदी नव्हे बाळांनो, लोखंडाचा कीस. हेच आत फिरत होतं."

केरबा गाडीकडे बघत राहिला. वरून कशी लालचुटूक! रोज पुसलेली, बेलाची पानं वाहिलेली. आणि आत हे! त्याला वाटलं, गाडीच्या जागी आपल्यालाच कुणी घमेल्यात उपडं केलंय.

मिस्त्री मात्र हसले. "पण गुरवांचे उपकार माना. तुम्ही एकाच वेगात गोल गोल फिरत बसला असता, तर इंजिन नीट शिकलंच नसतं. गोमुखापाशी दर वेळी थांबवलं, वळवलं, गियर बदलायला लावले. पोरगी उत्तम तयार झालीये!"

गुरव ताठ उभे राहिले. "शास्त्र आहे ते!"

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. घाटाच्या पायथ्याशी केरबाचं काळीज फटफटत होतं. गाडी मात्र शांत! एक वळण, दोन वळणं, सोळा वळणं... चढली! मोरखिंडीच्या स्टँडवर हौसाबाईचा भाऊ उभा होता, एसटीच्या दाराकडे टक लावून. उतरणारा एकेक माणूस बघत होता. बस रिकामी झाली. बहीण नाही! त्याचा चेहरा पडला.

तोच मागून हॉर्न. "दादा! इकडं बघ की!"

वळून बघतो, तर लाल गाडी, मागे बहीण, आणि मांडीवर डबा. झाकण उघडलं. करंज्या अख्ख्या! बावीस वर्षांनी पहिल्यांदा भावानं करंजी हातात धरून खाल्ली आणि डोळे पुसले.

आता टोपीवाले, काढा उत्तर खिशातून! पंधराशे फेऱ्यांचं पुण्य किती? "काहीच नाही"? अरे, एवढाही कंजूष नको होऊस! चाकं फिरली पंधराशे वेळा. पण तो देवाजवळ पोचला तो थांबला तेव्हा. खरं बोलला, त्या क्षणाला.

बाहेर पुसली, चकचक केली ।
आतली काजळी आतच राहिली ।
देवा, माझीही तीच गत झाली ।
बूच उघडाया लाज वाटली ।।

पोरांनो, तुम्ही नवी इंजिनं आहात. तुमच्यातही कीस पडणार. एखादं खोटं, एखादी चोरलेली पेन्सिल. त्यात लाजायचं नाही. नव्यात कीस पडतोच! पण लवकर काढायचा. आजच आईला सांगून टाकायचं.

आणि मोठी मंडळी, तुम्ही का खाली बघताय? तुमचे किती किलोमीटर झाले? चाळीस वर्षं? साठ? हार चढले, वरून पुसून झालं... आणि एकदाही तेल बदललं नाही? कुणाशी तरी एक 'हं' म्हणून बसलाय, तो आजवर ओढताय ना?

मग आता उठाल, तेव्हा चपलांपाशी गप्पा मारत रेंगाळू नका. ज्याला सांगायचं त्याच्याकडे तडक जा. आत्ता मन गरम आहे, आत्ताच सगळं उतरेल. उद्या सकाळी गार झालं, की बूच पुन्हा घट्ट बसेल.